आप्पांनी विंचरलेल्या वायरी

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरवते आई, आणि गल्लीला कळते ती आप्पांच्या तोंडून. आईचा आवाज इतका बारीक, की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जात नाही. आप्पांनी उलट उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात बोलून असा आवाज कमावलाय, की ते घरात 'चा ठेव गं' म्हणाले की समोरच्या घरातही आधण चढतं. आई चुलीपाशी पुटपुटते, 'दळण आणायचंय.' आप्पा तेच सोप्यातून ओरडतात आणि निरोप थेट गिरणीवाल्यापर्यंत जातो. तीस-पस्तीस वर्षं त्यांचा संसार असाच चाललाय.

मी काय बनवते असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. कारखान्यातली मोठी मोटर हव्या त्या वेगानं फिरवायला ड्राइव्ह नावाची एक पेटी असते. तिच्या पोटात मोठाले स्विच असतात. हातानं दाबायचे नव्हेत; विजेनं चालणारे, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे. त्यांना हुकूम सोडणारं कार्ड लई हुशार, पण त्याचा आवाज आईसारखा. स्विचाच्या दाराशी, ज्याला आम्ही गेट म्हणतो, तिथं पोचेपर्यंत त्या हुकमात काही जीव राहत नाही. म्हणून मध्ये तळहाताएवढं एक मॉड्यूल बसवावं लागतं. ते बारीक हुकूम ऐकतं आणि तोच जोरात गेटला सांगतं. शब्द बदलायचा नाही, उशीर करायचा नाही आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही, एवढंच त्याचं काम. थोडक्यात, मी आप्पा बनवते. फक्त माझे आप्पा स्वतःचं डोकं चालवत नाहीत.

आमचं घर बेळगावातल्या वडगावचं, विणकरांच्या गल्लीतलं. घरामागच्या शेडमध्ये एके काळी माग एकाला एक लागून होते. आता दोन उरलेत. त्यातला एक चालतो आणि दुसऱ्यावर आई पापड वाळत घालते. मी शिकले, पुण्याला गेले, ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं राबले. काम आवडायचं. पुणं मात्र काही अंगी लागलं नाही. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मी सवयीनं तसं बोलले की तिथली पोरं खुदुखुदु हसायची, आणि मग मी त्यांच्याशी दिवसभर बोलायची नाही. मला राग पटकन येतो. आईच्या मते हा गुण आप्पांकडून आलाय आणि आप्पांच्या मते आईच्या माहेराकडून.

गणपतीला सुट्टी काढून आले ती परत जायलाच मन होईना. पापडवाल्या मागाशेजारी टेबल टाकलं आणि मॉड्यूल बनवायला लागले. मोठ्या कंपन्यांचे जुने ड्राइव्ह आपल्याकडं सगळीकडं आहेत. त्यांचे स्विच मिळतात, पण हे मधलं मॉड्यूल मिळत नाही, कारण कंपनीनं ते बनवणंच सोडून दिलेलं असतं. मग अख्खा ड्राइव्ह भंगारात जातो. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी मोठी पेटी फेकायची, याचा मला पुण्यात असल्यापासून संताप यायचा. आता तो संताप कामाला लावला.

आप्पांना हे मुळीच पसंत नव्हतं. पुण्याच्या कंपनीनं माझी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती, आणि आप्पांना ती जागा देवाच्या जागेइतकी पवित्र वाटत होती.

"ह्या शेडात बसून काय व्हतंय ते मी बघितलंय," ते म्हणायचे. "घरात केलेल्या मालाला कोण इचारत न्हाय. मी केलत्या न्हवं साड्या? जा तू पुण्याला. पंख्याखाली बस."

"मग हितं पंखा लावा की!" मी म्हणायची.

आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ऱ्हाऊ दे की तिला हितंच." तिचं हे एकच वाक्य असं होतं, की जे आप्पांनी पुढं कुणाला ऐकवलं नाही. ऐकू आल्याचंसुद्धा दाखवलं नाही.

अशात निपाणीच्या पलीकडून, बोरगावहून, एका सायझिंगवाल्या मालकांचा फोन आला. सायझिंग म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला कांजी पाजण्याचा कारखाना. हजारो धागे शेजारी शेजारी ताणून कांजीच्या गरम हौदातून काढायचे, वाफेच्या ड्रमांवर वाळवायचे आणि मोठ्या रिळावर, म्हणजे बीमवर, गुंडाळायचे. हे सगळं एका वेगानं, न थांबता झालं पाहिजे. मध्येच मशीन थांबलं तर हौदातले धागे कांजी पिऊन पिऊन काडीसारखे होतात आणि ड्रमवरचे करपतात. मालकांचा ड्राइव्ह जुना, त्याची मॉड्यूल गेलेली आणि कंपनी म्हणत होती नवीन ड्राइव्ह घ्या. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं.

"एक बीम पूर्ण उतरवून दावा आक्का," ते म्हणाले. "एकदाबी न थांबता. मग तुमचा माल आमचा."

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी ऐकलं आणि तिथल्या तिथं सौदा केला. बीम उतरला तर पुण्याचं नाव ते पुन्हा काढणार नाहीत. नाही उतरला तर मी निमूट बॅग भरायची. मी रागाच्या भरात "चालतंय" म्हणून टाकलं. 

जायच्या दिवशी आप्पांनी स्वतःहून पिशवी उचलली. "मीबी येतो. सायझिंग म्हंजे आमचंच काम. तुला काय कळतंय त्यातलं?" मॉड्यूल मी चकचकीत पिशव्यांत घालून ठेवली होती. आप्पांनी ती साडीच्या दोन खोक्यांत रचली, वरून सुतळी बांधली, आणि बेळगावपासून निपाणीपर्यंत खोकी मांडीवरून खाली ठेवली नाहीत. कंडक्टरनं वर ठेवा म्हणून सांगितलं, तर त्याच्यावर डोळे वटारले. कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट असल्यानं तिकीट फक्त आप्पांना लागलं, त्याचाही त्यांना राग आलेला होता.

संकेश्वरला चढलेल्या दोन बायका समोर बसल्या आणि त्यांची नजर खोक्यांवर पडली.

"वडगावच्या साड्या काय वो अण्णा? दावा की जरा."

"साड्या न्हाईत," आप्पा म्हणाले.

"खोक्यावर तर लिवलंय."

"आत येगळं हाय."

"काय हाय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले. त्यांनी घसा खाकरला आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यात आवाज मोठा करायची मशीन हाय. माझ्या लेकीनं केलीया." बायकांना वाटलं लाउडस्पीकर. मग पुढं निपाणी येईपर्यंत एकीच्या पुतण्याच्या लग्नाला आमचा लाउडस्पीकर मिळेल का, यावर चर्चा झाली. आप्पांनी नाही म्हटलं नाही.

बोरगावच्या शेडमध्ये शिरताच कांजीचा आंबूस गरम वास आला आणि आप्पा एकदम घरी आल्यासारखे झाले. मशीन चालवणाऱ्या सायझरशी त्यांची पाच मिनिटांत गट्टी जमली. तो कानडी, आप्पा मराठी. दोघं एकमेकांच्या भाषेत बोलून एकमेकांचा मान राखत होते. मी ड्राइव्हचं पॅनेल, म्हणजे त्याचं लोखंडी कपाट, उघडून कामाला लागले. जुनी मॉड्यूल काढली, माझी बसवली, प्रत्येकापासून स्विचाच्या गेटपर्यंत जाणाऱ्या दोन-दोन वायरी घेतल्या, एकमेकींभोवती घट्ट पिळल्या आणि जोडल्या. मोकळी मोटर फिरवून बघितली. लोण्यासारखी फिरली. सायझर म्हणाला, आता धागे ओढून घेतो, जरा वेळ लागेल. मी वीज बंद केली, आत साठलेली वीज उतरल्याची खात्री केली आणि मालकांनी बोलावलं म्हणून ऑफिसात चहाला गेले. आप्पा म्हणाले, "जा तू, मी हाय हितं."

मालक बोलके निघाले. त्यांची मुलगीही इंजिनिअर, बंगळुरात, फोन करत नाही, हे सगळं ऐकून मी परतले तेव्हा पॅनेलचं दार बंद होतं आणि आप्पा एका रिकाम्या बीमवर हात बांधून बसले होते. चेहरा असा, जणू आताच पूजा आटोपलीय.

मशीन सुरू झालं. धागे हळूहळू हौदात उतरले, ओले होऊन वर आले, ड्रमवर वाफ चढली. सायझरनं वेग वाढवला. आणि धाडदिशी सगळं थांबलं. ड्राइव्ह ट्रिप, आपोआप बंद. सायझर कपाळावर हात मारत हौदाकडं धावला आणि चिकटलेले धागे सोडवायला लागला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा वेग वाढवताच ट्रिप.

आता माझं डोकं फिरलं. ड्राइव्हच्या पडद्यावर करंट जास्त झाल्याची खूण येत होती, म्हणून मी मोटर तपासली. मोटर बरी होती. मग मी मालकांच्या विजेच्या लाइनला नावं ठेवली, मग केबल टाकणाऱ्याला, मग सायझरला म्हटलं तुम्ही वेग झटक्यानं वाढवता. तो बिचारा म्हणाला, इतकी वर्षं असाच वाढवतोय. पॅनेलचं दार उघडायचं सोडून मी सगळं केलं. आत काय बघायचंय? मॉड्यूल माझी, हातानं बनवलेली, हातानं बसवलेली. तिथं चूक असूच शकत नाही, असं मी धरून चालले होते. आणि असली तर? मग बॅग भरायची.  

मालक जवळ आले. सभ्य माणूस, पण सूत त्यांचं वाया जात होतं. "आक्का, आणि एकदाच बघू. न्हाईतर मग मी नवाच मागवतो."

मी वीज बंद केली, थांबायचं तेवढं थांबले आणि दार उघडलं.

इतकं देखणं पॅनेल मी पुण्यातही पाहिलं नव्हतं. एकूण एक वायर सरळ. कुठं पीळ नाही, गुंता नाही, एकीवर दुसरी नाही. मी पिळलेल्या सगळ्या जोड्या कुणीतरी उलगडून, विंचरून, मागावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांसारख्या शेजारी शेजारी अंथरल्या होत्या. मोटरच्या जाड केबलीला चिकटूनच गेल्या होत्या त्या. आणि थोड्या थोड्या अंतरावर पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधल्या होत्या. वायरमन प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतो. सुती दोरा, आणि त्याला धागा तुटला की विणकर मारतो ती चपटी गाठ, असं पॅनेल भरणारा माणूस सगळ्या मुलखात एकच. लहानपणी माझ्या वेणीच्या रिबिनीला हीच गाठ असायची. शाळेतल्या एकाही बाईला ती सुटायची नाही.

"आप्पा!" मी ओरडले. शेडमधली माणसं थांबली. आवाजाच्या बाबतीत मी आईवर गेलेली नाही. "हे कुणी केलं?"

"मी," आप्पा म्हणाले. अजून त्यांना शाबासकीचीच आशा होती. "लई गुंता झालता गं. सगळा सोडिवला."

"गुंता न्हवता तो! पीळ घातलता मी! मुद्दाम!"

आणि त्या क्षणी माझ्या मनात एक वाईट विचार येऊन गेला, तो लिहितेच. वाटलं, यांनीही मुद्दाम केलं. मला पुण्याला घालवायला. मी तसं बोललेसुद्धा, अर्धं. "तुम्हाला बीम उतरायलाच नको हाय, असं असंल तर सरळ सांगा—"

आप्पांचा चेहरा उतरला. ते बीमवरून उठले आणि जवळ आले. मग इतक्या हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं. आईच्या आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मालक दार उघडून बघतील, असं वाटलं गं. म्हणतील, पोरीला वायर सरळ घालाया येत न्हाय, घरातला माल हाय. म्हणून नीट केलं. तुझं काम देखणं दिसावं म्हणून."

माझा राग जो गेला, तो कुठं गेला कळलं नाही. मला एकदम रडायला आलं, आणि रडू नये म्हणून मी शिकवायला लागले. त्यांना सांगितलं, की ह्या दोन वायरी म्हणजे हुकमाची जायची आणि यायची वाट. त्या एकमेकींना मिठी मारून असल्या की शेजारच्या मोठ्या केबलीनं कितीही आरडाओरडा केला तरी त्यांना काही ऐकू जात नाही. त्या वेगळ्या करून केबलीशेजारी झोपवल्या, की तिचा आवाज त्यांच्यात शिरतो आणि गेटला वाटतं आपल्यालाच हुकूम आला. मग बंद राहायचा तो स्विच चालू होतो, आत शॉर्ट होतो आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला थांबतो. हळू फिरणाऱ्या मोटरला करंट थोडा, म्हणून आवाजही थोडा. वेग आणि भार वाढला की बोंब.

आप्पांनी ऐकून घेतलं. "म्हंजे सांधणीसारखा पीळ पायजे," ते म्हणाले.

सांधणी म्हणजे जुना ताणा संपला की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेका टोकाला पिळून जोडायचं. आमच्या घरात हे काम आप्पांचं. मी मान हलवली.

"मग आधी सांगायचं. आण हिकडं."

मी वायरी सोडवून त्यांच्या हातात दिल्या. ते जमिनीवर मांडी घालून बसले, इकडंतिकडं बघितलं आणि पॅनेलवरच्या देवाच्या फोटोसमोरच्या उदबत्तीकडं हात केला. सांधताना बोटं घसरू नयेत म्हणून राख लावायची विणकरांची रीत आहे.

"राख न्हाय!" मी पुन्हा ओरडले. "पॅनेलजवळ राख आणायची न्हाय!"

"बिनराखेची कसली सांधणी," असं पुटपुटत त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि कामाला लागले. अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच हलत होतं. माझे पीळ कुठं सैल, कुठं घट्ट असायचे. त्यांचे सगळे एकसारखे. मी एकेक जोडी घेऊन पॅनेलात बसवत गेले, जाड केबलीपासून लांबून. मालक खुर्ची ओढून शेजारीच बसून बघत होते. जोडीच्या टोकाला मारलेली दोऱ्याची गाठ बघून म्हणाले, "ही आमच्या आजोबांची गाठ." आप्पा खूश झाले, पण वर बघितलं नाही.

मशीन तिसऱ्यांदा सुरू झालं. धागे कांजीत गेले. ड्रमवर चढले. सायझरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "वाढवा. तुमच्या पद्धतीनंच." त्यानं वेग वाढवला.

मशीन थांबलं नाही.

त्यानं आणखी वाढवला. ड्रम गरगरायला लागले, वाळलेलं सूत पांढऱ्या चादरीसारखं समोरून जायला लागलं आणि बीम फुगायला लागला. बीम पूर्ण व्हायला फार वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी पॅनेलसमोरून हलले नाही. आप्पा बीमसमोरून हलले नाहीत. मधूनच कुठं काही खट्ट वाजलं की आम्ही दोघं एकाच वेळी दचकायचो आणि मग एकमेकांकडं न बघता पुन्हा उभे राहायचो.  ज्या माणसाला मी हरावं असं वाटत असेल, तो असा उभा राहत नाही.

शेवटी सायझरनं मशीन स्वतःच्या हातानं थांबवलं, बीमवर थाप मारली आणि म्हणाला, "आयतु!" झालं एकदाचं. मालकांनी बोटानं सूत दाबून बघितलं, वास घेतला आणि दुसऱ्या शेडमधल्या ड्राइव्हचं कधी बघताय म्हणून विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी आप्पाच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येतो आम्ही." 'आम्ही' मी नीट ऐकलं.

परत येताना निपाणीच्या स्टँडवर चहा घेतला. मी पुण्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडचे साहेब भले होते, कारण विचारलं. मी जरा अडखळले, तर शेजारून आप्पांनी फोनमध्ये तोंड घालून सांगून टाकलं, "हितं काम लई हाय वो साहेब!" चहावाल्यासकट सगळे आमच्याकडं बघायला लागले. बसमध्ये रिकामी खोकी त्यांनी आनंदानं वरच्या फळीवर टाकली आणि बेळगावपर्यंत घोरत आले.

गल्लीत शिरलो तर शेजारचे काका कट्ट्यावर बसलेले. सौदा सगळ्या गल्लीला ठाऊक होता. आप्पांनीच तो केला म्हणजे ठाऊक असणारच.

"काय आप्पा, लेक कवा जाणार मग पुण्याला?"

आप्पा उंबऱ्यात चपला काढत होते. आतून, चुलीजवळून, आईचा आवाज आला. तिनं आम्हाला काही विचारलं नव्हतं, बीमचं तिला अजून कुणी सांगितलंही नव्हतं. ती आपली रोजचंच वाक्य रोजच्यासारखं भाकरीला ऐकवत होती, "ऱ्हाऊ दे की तिला हितंच."

आप्पा सरळ झाले, गल्लीकडं वळले, आणि पलीकडच्या अनगोळपर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "ऱ्हाऊ दे की तिला हितंच!"

शब्द एकही बदलला नव्हता. उशीर तेवढा महिनाभराचा झाला होता.